कसम दिलेली पोरं

लोक म्हणत्यात, कचरू हवालदार फौजेत होता पण लढाईत कधी गेलाच न्हाई. अरे, जाईल कसा? मी ट्रेनिंग ब्रिगेडचा उस्ताद! इंग्रजाच्या काळापासून त्या ब्रिगेडीचं काम एकच. खेड्यातला गडी घ्यायचा, त्याचा शिपाई करायचा, कसम परेड घ्यायची अन् दुसऱ्या साहेबाच्या हाती सोपवायचा. पुढं हुकूम त्या साहेबाचा. लढाया काय आभाळातून पडलेल्या माणसांनी लढल्या व्हय?

बहात्तरचा दुष्काळ. तवा मी पेन्शन घिऊन गावी आलेलो. आमच्या चकलांब्याकडं आडांचे तळ दिसाया लागले. सोसायटीनं टँकर आणला, तर त्याच्यावर अशी झोंबाझोंबी की घागरी फुटल्या, चतुराबाईचा हात मोडला. तवा चेअरमन बद्रीनाथराव आमच्या बौद्धवाड्यात आले. "हवालदार, पोरांना शिस्त लावा. रांग सांभाळतील."

मी म्हणलं, "लावतो. पण रांग एकच. जो आधी येईल त्याला आधी पाणी."

"अहो, तहानेला कुठं जात असती?" चेअरमनचं बोलणं म्हंजी गुळाची ढेप नुसती! अन् मी भुललो.

गावातली तरणी पोरं घेतली, काठ्या दिल्या, उन्हात घासली. बंकट त्यांचा म्होरक्या, लई कडक गडी. तयार झाल्यावर रीतीपरमाणं कसम परेड घेतली, की हुकूम मोडणार न्हाई. अन् ब्रिगेडीची खोड बघा, चेअरमनला सलाम ठोकून मीच म्हणलं, "आजपासून तुकडी तुमची." कुणी सांगितलं हुतं बे मला?

टँकर आला. माझी भावजय सिंधुबाई उजाडायच्या आधीपासून पहिली उभी. घरात लेकरू तापानं फणफणलेलं, अन् पाण्याचा थेंब न्हाई. बद्रीनाथराव ओरडले, "वाडा मागं! आधी गाव!" झालं, तिच्यापुढं काठ्या आडव्या!

माझं डोस्कं फिरलं. "तुकडी, सावधान! काठ्या खाली!"

एक काठी हलली न्हाई. पोरं चेअरमनच्या तोंडाकडं बघत ऱ्हायली.

"बंकट, सोड तिला! लेकरू मरल की!"

बंकट खाली मान घालून म्हणला, "उस्ताद, हुकूम त्यांचा हाय. मागं सरा." अन् काठी माझ्याच छातीला लावली. आग लागो त्या कसमेला!

टँकर गावातच रिकामा झाला. सिंधुबाईनं कोरडी घागर कमरेवर घेतली. आजवर मला भावजी म्हणायची. त्या दिवशी म्हणली, "लई चांगलं शिकवलंत, हवालदार."