गिरणेच्या बेटावरची मशीद

मित्रांनो, माझ्या दारावरचा फारशी लेख पार झिजून गेला आहे, त्यामुळे माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. मी एक जुनी मशीद आहे. पाचोऱ्याच्या अलीकडे गिरणा नदी दोन फाट्यांनी वाहते आणि मध्ये एक लांबट बेट सुटतं, त्या बेटावर मी उभी आहे. अजून तरी उभी आहे.

खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या काळात बऱ्हाणपूरहून गवंडी आले. त्यांनी काळा दगड बैलगाड्यांवर आणला, चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालून तो कितीतरी दिवस मळला आणि मला उभं केलं. पूर्वेला तीन कमानी, पश्चिमेच्या भिंतीत नमाजाच्या दिशेचा कोनाडा म्हणजे मेहराब, वर विटांचा एकच घुमट. मिनार मात्र बुटके काढले, याचा मला अजून राग आहे. पण गवंडी हुशार होते. गिरणा दक्षिणेकडून येते, म्हणून त्या बाजूला त्यांनी मला एक टोकदार दगडी बुरूज जोडला. पूर आला की पाणी त्या टोकावर फुटायचं आणि दोन्ही अंगांनी निघून जायचं.

तेव्हा बेटावर गाव होतं. विणकरांची घरं होती, नदी उतरून जाणारे वाटसरू माझ्या चौथऱ्यावर टेकत. ईदला रांगा अंगणाबाहेर जात. मग एका मोठ्या पुरात घरं वाहून गेली आणि लोक पूर्वेच्या काठावर राहायला गेले. तिथे त्यांनी नवी मशीद बांधली, तिला पंखे लावले, भोंगा लावला. माझ्याजवळ फक्त कबरी उरल्या. कबुतरं आली, शेळ्या आल्या. गुप्तधनाच्या नादाने कुणीतरी माझी फरशी उकरून गेलं. मला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू?

पुढे नूर महंमदची बायको जुबेदा वारली. नूर महंमद गावात विहिरींच्या मोटारी दुरुस्त करतो. जुबेदाचे आईवडील माझ्या दक्षिणेला विसावले होते, तिलाही तिथेच जागा हवी होती. तिला तिथे ठेवल्यापासून तो दर शुक्रवारी येऊ लागला. आधी तिच्या कबरीवरचं गवत काढायचा, मग मला झाडायचा आणि भोंग्याशिवाय, थकलेल्या गळ्याने अजान द्यायचा. तो आला की मी पुन्हा मशीद व्हायचे.

माझा घुमट गळतो हे त्याने पाहिलं आणि त्याच्या जिवाला घोर लागला. मी पडले तर जुबेदा इथे एकटी पडेल, असं तो मुलाला, आकिबला म्हणायचा. दोघे पाचोऱ्याला ज्ञानचंद शेठच्या सिमेंटच्या दुकानात गेले. शेठ भला माणूस. नदी आटली होती, तेव्हा तो गाडी घेऊन स्वतः मला बघायला आला.

"नूरभाई, सिमेंट माझ्याकडून. वाळूचा ट्रॅक्टरही पाठवून देतो," तो म्हणाला.

"सिमेंट द्या शेठ, मेहरबानी होईल. वाळू नको. ती कुठून उपसून येते ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही. अल्लाच्या घराला चोरीची वाळू कशी लावू?"

"मग आणणार कुठून?"

"बेटाची घेईन. ती मशिदीचीच आहे."

इथे सगळ्या गावांची घरं चोरीच्याच वाळूने बांधलेली, आणि हा म्हातारा माझ्यासाठी तिला हात लावायला तयार नव्हता. मी अभिमानाने फुलून गेले.

चांगली जाड वाळू बेटाच्या दक्षिण टोकाला होती, कबरींच्या पुढे. बैलगाडी वना नावाच्या एकाची होती. तो काठावरचा मासेमारी करणारा माणूस.

"काढा भाऊ. बठ्ठी वाळू तुमनीच शे, कोन काय म्हनी?" तो म्हणाला. सगळी वाळू तुमचीच, कोण काय बोलणार, असं त्याला म्हणायचं होतं.

उन्हाळाभर गाड्या भरत राहिल्या. मला आतून बाहेरून गुळगुळीत गिलावा झाला, वर पांढरा रंग चढला. नदीला पाणी आल्यावर लोक होड्या करून बघायला आले, माझ्यापुढे उभे राहून फोटो काढले. त्या टोकाला केवढा खड्डा पडला आहे, तिकडे कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

भाद्रपदात वरच्या धरणातून पाणी सोडलं. पूर नेहमीसारखाच होता, मित्रांनो, मी याहून मोठे पाहिले आहेत. पण त्याला अडवणारी वाळू आता नव्हती. पाणी खड्ड्यात शिरलं आणि बेट आतून पोखरत आलं. आधी बाभळी गेल्या. मग जुन्या कबरी. मग जुबेदाच्या आईवडिलांच्या. शेवटी जुबेदाची माती खचली आणि तीही गेली. मी चार हातांच्या अंतरावर उभी होते आणि काही करू शकत नव्हते. माझ्या बुरुजाचा पाया उघडा पडला, दक्षिणेची भिंत खालपासून घुमटापर्यंत तडकली.

पाणी ओसरल्यावर वनाने दोघा बापलेकांना होडीतून आणलं. नूर महंमद कबरीच्या जागी गेला. तिथे सरळ कडा होता आणि खाली गढूळ नदी.

"अब्बा, मागे या. माती ढासळते आहे," आकिब म्हणाला.

"मीच काढली ना रे ती वाळू," नूर महंमद म्हणाला. "शेठ देत होता, तर नको म्हटलं."

आकिब रडू लागला. वनाने मान खाली घातली.

पुढच्या शुक्रवारी नूर महंमद छिन्नी-हातोडा घेऊन आला. त्याने अजान दिली नाही. तो माझा नवा गिलावा फोडू लागला. तुकडे घमेल्यात भरायचे, कड्यापर्यंत न्यायचे आणि जुबेदा होती तिथे ओतायचे. ओतलेलं नदी लगेच घेऊन जाते. आता तो रोज येतो. "तिची वाळू तिला परत देतो," असं आकिबला सांगतो. सिमेंट घट्ट बसलं आहे, ते निघताना माझा दगडही सोबत निघतो. प्रत्येक घावाला तडकलेली भिंत हलते, आणि तो नेमका तिच्याखाली बसलेला असतो.

मित्रांनो, मला रंग नको, नवा घुमट नको. मी पुष्कळ जगले. नदीची वाळू तेवढी नदीत राहू द्या. आणि तुमच्यापैकी कुणी या वाटेने आलात, तर आधी त्या म्हाताऱ्याला हाताला धरून माझ्या भिंतीखालून बाहेर काढा. मला पडण्याची भीती नाही. त्याच्या अंगावर पडण्याची आहे.