पंख्याकडे बघणारी कवयित्री

सातवीतल्या एका मुलीने भर सभेत पंखा बंद करायला लावला आणि पंख्याबरोबर एक चमत्कारही बंद पडला. शाळेच्या इतिवृत्तानुसार मात्र त्या दिवशी सभाच झाली नाही. तेव्हा आपणही हे वाक्य वाचलेलंच नाही असं समजू आणि सुरुवातीला जाऊ.

तर, सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. समोर टेबलापाशी तेरा वर्षांची स्वमग्न मुलगी बसली होती. ती बोलत नसे, पण दिसलेली प्रत्येक वाकडी खुर्ची सरळ करत असे. म्हणून कारकूनभाऊंनी तिचं नाव ‘इन्स्पेक्टर’ ठेवलं होतं. शेजारी पांढऱ्या शुभ्र कपड्यांत स्पर्शगुरू, न बोलणाऱ्या मुलांना नुसत्या स्पर्शाने लिहितं करतो म्हणणारे. त्यांनी तिचं मनगट अलगद धरलं होतं आणि तिचं बोट अक्षरपाटीवर भराभर फिरत होतं. मुख्याध्यापक एकेक अक्षर जोडून मोठ्याने वाचत होते.

“‘पंखा... हे... आकाशाचं... गाणं... आहे!’”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी डोळे पुसले.

“मी काहीच करत नाही,” स्पर्शगुरू नम्रपणे म्हणाले. “मी फक्त वायर. वीज तिची.”

“‘टाळ्या... मला... फार... आवडतात!’” मुख्याध्यापक.

पुन्हा कडकडाट. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या विशेष वर्गाच्या बाईंना तेवढ्यात इन्स्पेक्टरचा दुसरा हात दिसला. तो कानावर घट्ट दाबलेला होता.

बाईंनी चार वर्षं खपून तिला चित्रकार्डं वापरायला शिकवलं होतं. पाणी, नको, दुखतं, बंद, आणखी तीसेक. कड्यात अडकवलेला तो जुडगा तिच्या कमरेला असायचा. हवं ते कार्ड काढून ती समोरच्याच्या हातात द्यायची. चार वर्षांत सदतीस कार्डं. स्पर्शगुरूंनी चौदा मिनिटांत कविता लिहून घेतली, आणि पंधराव्या मिनिटाला फर्मान सोडलं, “चित्रं म्हणजे आत्म्याच्या कुबड्या. काढून टाका.” त्याला दोन आठवडे झाले; रोज याच सभागृहात त्यांचे प्रयोग चालले होते. तेव्हापासून जुडगा मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद होता. आज ठराव होता विशेष वर्ग बंद करून पाचही मुलं स्पर्शगुरूंच्या स्वाधीन करण्याचा.

सकाळी इन्स्पेक्टरच्या आईने बाईंना जिन्यातच गाठलं होतं.

“बाई, तुम्ही जळता का हो यांच्यावर?”

“नाही हो ताई.”

“तुम्ही चार वर्षांत तिला ‘पाणी’ मागायला शिकवलंत. यांनी तिच्याकडून ‘आई, तू माझं जग आहेस’ लिहून घेतलं. तेरा वर्षं वाट बघितलीय मी.”

बाई जिना उतरून कार्यालयात गेल्या. 

उत्तर शेवटी कारकूनभाऊंकडे निघालं. “बाई, बत्तीस वर्षं टायपिंग करतोय. न बघता करतो, पण दहाही बोटं आपापल्या जागी ठेवून. ही एका बोटाने, पंख्याकडे बघत लिहिते! पाटी बघतंय कोण, ते शोधा.”

म्हणून बाई आता भिंत सोडून पुढे आल्या. “सर, ठरावाआधी एक छोटी चाचणी घेऊ का?”

“श्रद्धेची चाचणी?” मुख्याध्यापक दचकले.

“घेऊ द्या,” स्पर्शगुरू हसले. “सोन्याला विस्तवाचं काय भय?”

बाईंनी टेबलावर जाड पुठ्ठ्याची आडभिंत उभी केली. मुलीचं चित्र मुलीला दिसावं, गुरूंचं गुरूंना, आणि सभेला दोन्ही. “दोघांना चित्र दाखवते. तिने काय पाहिलं, ते तिला लिहू द्या.”

पहिल्या वेळी दोघांना छत्री दाखवली. पाटीवर उमटलं, ‘छत्री’. टाळ्या.

दुसऱ्या वेळी मुलीला बादली दाखवली, गुरूंना चावी. बोट झपाझप फिरलं. ‘चावी.’

टाळ्या वाजवायला उचललेले हात हवेतच राहिले.

“ही ज्ञानाची चावी,” स्पर्शगुरू घाम पुसत म्हणाले. “तिला बादलीच्या आतलं दिसलं!”

“मग आता तुम्ही बाहेर थांबा. चित्र तिला एकटीलाच दाखवते.”

गुरू बाहेर गेले. बाईंनी केळं दाखवलं. गुरू आत आले, मनगट धरलं, आणि बोटाने लिहिलं, ‘संशयामुळे कंपनं थांबतात.’

“वा!” कारकूनभाऊ मागून ओरडले. “संशय येतो, कंपनं येतात, केळं तेवढं येत नाही!”

हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी गुरूंचा हात उलटा करून सभेला दाखवला. “मनगटाखाली हा अंगठा बघा. अक्षर जवळ आलं की किंचित दाबतो, चुकलं की ओढतो. कधी कधी धरणाऱ्यालाही कळत नाही की आपणच ढकलतोय. म्हणून तर पडदा लावायचा. उद्या ती खरोखर लिहीलही. पण तेव्हा हात तिचा एकटीचा असेल.”

“म्हणजे ‘आई’... तिने लिहिलंच नव्हतं?” इन्स्पेक्टरची आई कशीबशी म्हणाली.

“नाही, ताई.”

आई उठली आणि तिने मुख्याध्यापकांपुढे हात पसरला. “कपाटाची किल्ली.”

“अहो, पण ठराव...”

“किल्ली!”

जुडगा आला. इन्स्पेक्टरने गुरूंच्या हातातून मनगट सोडवून घेतलं, त्याच हाताने कार्डं चाळली आणि दोन कार्डं आईच्या हातात ठेवली. पंखा. बंद.

दोन आठवडे तो पंखा कर्रकर्र वाजत होता. दोन आठवडे ती त्याच्याकडे बघत होती. आणि दोन आठवडे सगळं गाव तिच्या तक्रारीला कविता समजत होतं.

आईने स्वतः जाऊन बटण दाबलं. ही तिला मुलीने सांगितलेली गोष्ट होती, अगदी मुलीची स्वतःची. सभागृह शांत झालं. इन्स्पेक्टरने कानावरचा हात काढला. ती उठली आणि तिने गुरूंची वाकडी खुर्ची सरळ केली. त्यासाठी गुरूंना उठावं लागलं. ते उठले ते दाराबाहेरच गेले.

ठराव बारगळला. मुख्याध्यापकांनी इतिवृत्तात ‘सभा झाली नाही’ असं लिहिलं. विशेष वर्ग दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी भरला. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या तोंडी शब्द घालणं सगळ्यात सोपं असतं, कारण तो ‘हे माझं नाही’ असं सांगू शकत नाही. म्हणून कोणी त्याच्या वतीने बोलू लागला की टाळ्या वाजवण्याआधी एक पुठ्ठा आडवा धरा.

बाईंनी त्याच आठवड्यात कार्यालयात अर्ज दिला. तो अजून विचाराधीन आहे:

‘सातवीतील विद्यार्थिनीच्या लेखी (कार्ड दोन) तक्रारीवरून विनंती की, सभागृहातील पंख्यास तातडीने तेल घालावे, तसेच यापुढे शाळेत प्रवेश करणाऱ्या प्रत्येक चमत्काराने आपला अंगठा कार्यालयात जमा करून रीतसर पावती घ्यावी.’