डेल रूडरची अकरा पिस्तुलं

डेल रूडर आमच्या काउंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला, तेव्हा त्याला पिस्तुलातलं एवढंच कळत होतं की गोळी पुढच्या बाजूने बाहेर पडते. त्याआधी बावीस वर्षं तो मक्याला पाणी मारायची फिरती यंत्रं विकत होता. विकणाऱ्या माणसाला वाटतं, आपल्याला कोण गंडवणार? म्हणूनच त्याला गंडवणं सगळ्यांत सोपं असतं. नेब्रास्काच्या आमच्या कोपऱ्यात माणसांपेक्षा गुरं जास्त, त्यामुळे निवडणुकीत निवडण्यासारखं फार काही नव्हतं. डेलसमोर उभा होता तो तर त्याच्याहून दिव्य.

मी ओरिन स्टॅडलर. एकतीस वर्षं डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस होतो, त्यातली एकोणीस वर्षं बाकीच्या डेप्युटींना नेमबाजी शिकवली. निवृत्त झाल्यावरही शिकवणं आणि नेमबाजीच्या मैदानाची किल्ली माझ्याकडेच राहिली, कारण थंडीवाऱ्यात तिथे उभं राहायची हौस दुसऱ्या कुणाला नव्हती. खात्याला नवं शस्त्र घ्यायचं तर शिक्षकाच्या सहीचा चाचणी-अहवाल काउंटीच्या मंडळापुढे ठेवावा लागतो. डेलला माझी गरज होती ती तेवढ्या सहीपुरती.

जानेवारीत त्याने अकरा नवी पिस्तुलं घ्यायचं ठरवलं. पूर्ण आकाराची, आणि वर लाल ठिपक्याचं भिंग बसवायला कारखान्यातूनच खाच कापून आलेली. भिंगातून पाहिलं की लाल ठिपका दिसतो; तो जिथे, गोळी तिथे. कल्पना चांगलीच आहे, माझं तिच्याशी भांडण नव्हतं. पण चाचणीचं नाव निघण्याआधीच या गृहस्थांनी गावच्या साप्ताहिकात पिस्तूल हातात धरून फोटो छापून आणला. फोटोत त्याचं बोट थेट चापावर होतं, जे नवशिक्यालाही पहिल्याच दिवशी मना केलं जातं. मी ते पान कापून मैदानावरच्या संडासाच्या दाराला आतून चिकटवलं.

चाचणीसाठी मी दोन पानी यादी केली. प्रत्येक पिस्तुलातून पाचशे गोळ्या. जाड हातमोजे घालून. एका हाताने. गरम गाडीतून एकदम थंडीत आणून, म्हणजे भिंगावर किती वाफ धरते ते कळेल. भिंग बंद पडलं असं धरून, नळीच्या टोकावरच्या साध्या माशीवर नेम धरून. आणि सगळ्यांत आधी, भिंगाच्या स्क्रूवर रंगाची एकेक रेघ ओढायची, म्हणजे स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. डेलने दोन्ही पानं उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, लग्नाच्या याद्यासुद्धा याच्याहून लहान असतात. दुपारच्या जेवणापर्यंत आटपून टाका.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी कंपनीचा माणूस आला. ट्रेंट मकॉली. पारा शून्याखाली चौदा अंश, आणि या पठ्ठ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर, कारण हातावरचं गोंदण दिसायला हवं. पॅंटला चौदा खिसे. मी मोजले. दाढीला तेल. सगळ्यांना 'भावा' म्हणत होता. मलाही म्हणाला, तेव्हा मी मागे वळून पाहिलं की माझ्या आईला आणखी कोण झालं. तो ना कधी पोलिसात होता ना सैन्यात. त्याचे व्हिडिओ होते म्हणे. त्याने दोन पिस्तुलं, स्वतःच्या गोळ्या आणि तीन खोके डोनट आणले होते. आमचे डेप्युटी पिस्तुलांआधी डोनटवर पडले.

खरं सांगायचं तर पिस्तूल वाईट नव्हतं. हाती घेताच मला ते कळलं, आणि रागही आला. मूठ भरदार, चाप न अडखळता ओढला जाणारा, वजन पुढे न झुकणारं. मुठीच्या मागे बसवायला तीन मापांच्या पट्ट्या. रिकामं झालं की नळीवरची सरकती स्लाइड दर वेळी मागेच अडकून राहायची. इतकी चांगली वस्तू असल्या माणसाच्या हातून यावी याचं वाईट वाटलं.

ट्रेंटने आधी स्वतः वीस गोळ्या मारल्या. कागदावर एका बशीएवढ्या जागेत सगळ्या भोकांचा गुच्छ झाला. डेलने टाळ्या वाजवल्या. मी स्क्रूवर रेघा ओढायला पुढे झालो, तर ट्रेंट हसून म्हणाला, आजोबा, हे कारखान्यात यंत्राने आवळलेलं असतं, तुमच्या काळातलं नाही. सगळे हसले. आणि मी, एकोणीस वर्षांचा शिक्षक, रंगाची पेन्सिल खिशात घालून मागे सरलो. ट्रेंटला मी मनात शिव्या घालत होतो, पण तिथून हललो मी स्वतः.

मग एकेक डेप्युटी पुढे येऊन गोळ्या मारू लागला. सगळ्यांनी स्तुती केली. डोनट खाऊन झालेला माणूस दुसरं काय करणार? शेवटी आली मार्लिस वोंड्रा.

मार्लिसबद्दल सांगायला हवं. एकोणतीस वर्षांची, अंगाने बारीक, बोलणं मोजकं. ऑक्टोबरच्या वार्षिक चाचणीत मीच तिला नापास केलं होतं. तेव्हापासून तिची गस्तीची गाडी काढून घेऊन तिला तुरुंगाच्या टेबलावर बसवलेलं. त्या दिवशी तिने मला सांगितलं होतं की जुन्या पिस्तुलाची मूठ तिच्या हाताला जाड पडते, चापापर्यंत बोटाचं फक्त टोक पोचतं, म्हणून गोळी डावीकडे जाते. मी सगळ्यांसमोर उत्तर दिलं होतं, "पिस्तूल हाताला बसत नसेल तर हात बदलून ये." उत्तर मला फार आवडलं होतं. घरी जाऊन बायकोलाही ऐकवलं. ती हसली नाही.

तर मार्लिसने सगळ्यांत लहान पट्टी मागून घेतली आणि पिस्तुलाला बसवली. पहिल्या तीस गोळ्या ट्रेंटच्या तोडीच्या. मग गुच्छ हळूहळू वर आणि डावीकडे सरकू लागला. तिने पिस्तूल रिकामं केलं, समोरच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "ठिपका सरकतोय."

"ठिपका नाही सरकत, बाई, मनगट सरकतं," ट्रेंट म्हणाला. "आमच्याकडे बायकांसाठी लहान मॉडेलही आहे."

डेल खो खो हसला. माझ्याही ओठांवर हसू आलं होतं, ते मी कबूल करतो. पण आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की त्याची घाण कळते. हसू तिथेच विरलं.

मार्लिस कुणावर चिडली नाही. तिने मला जवळ बोलावलं आणि भिंगाच्या बुडाशी बोट ठेवलं. स्क्रूवर पांढरी रेघ होती, मधोमध तुटलेली. सकाळी सगळे डोनटभोवती जमले होते, तेव्हा तिने पुराव्याच्या पाकिटांवर खुणा करायच्या पेनाने दोन्ही पिस्तुलांवर रेघा ओढल्या होत्या. "तुमच्या यादीत होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

मी विसरलो नव्हतो, हे तिलाही ठाऊक होतं.

ट्रेंट म्हणाला, कुणीतरी छेडछाड केली असणार. दुसरं पिस्तूल घ्या, त्याला कुणी हात लावलेला नाही, मी स्वतः मारून दाखवतो. मी म्हटलं, दाखव. जेवणाची वेळ टळून गेली, डेल दहा वेळा घड्याळ पाहत होता, पण मैदानाची किल्ली माझ्या खिशात होती. ट्रेंट मारत राहिला, मार्लिस मोजत राहिली. एकशे चाळिसाव्या गोळीच्या आसपास त्याच्या गोळ्या कागदाच्या कडेला गेल्या, आणि मग कागदच सोडून मागच्या मातीत. निशाण सात यार्डांवर होतं. एवढ्या अंतरावरून माझी बायको बटाटा फेकून मारेल. ट्रेंट म्हणाला, वारा आहे.

मी भिंग उतरवलं. ते खाचेत धरायचे स्क्रू इतके आखूड होते की दोन-अडीच आट्यांपलीकडे धरतच नव्हते. कुणीतरी चुकीच्या मापाचे भरले होते. ट्रेंटने ते तळहातावर घेऊन पाहिले. मग बाह्या खाली केल्या.

इथे कुणालाही वाटेल की विषय संपला. डेलचा संपला नाही. त्याचा फोटो छापून आला होता ना. त्याने मला गाडीत बसवलं, हीटर लावला आणि समजावलं की स्क्रू आवळले की झालं. सही करून टाका, नाहीतर एप्रिलपासून मैदानाला नवा शिक्षक बघावा लागेल. मी म्हटलं, बघ.

संध्याकाळी मी तुरुंगाच्या टेबलापाशी गेलो. माफी मागायची सवय नसली की माणूस आधी हवामानावर बोलतो. मार्लिसने हवामान ऐकून घेतलं. मग मी म्हणालो की ऑक्टोबरमध्ये मी बोललो ते बरोबर नव्हतं.

"बोललात ते जाऊ द्या," ती म्हणाली. "नापासचा कागद माझ्या फायलीत आहे. तो तुम्ही लिहिलाय."

"तो आता कसा बदलणार?"

"जसा लिहिलात तसाच. लिहून."

रागच आला मला. माफी मागायला आलेल्या माणसाला काम सांगते म्हणजे काय? दोन दिवस मी घरात धुसफुसत होतो. तिसऱ्या दिवशी टेबलाशी बसलो आणि लिहिलं की मार्लिस वोंड्राला न बसणारं शस्त्र देऊन मी चाचणी घेतली, तिने सांगूनही ऐकलं नाही, सबब तो निकाल चुकीचा. एक पान लिहायला सबंध सकाळ गेली. दुसऱ्या कागदावर पिस्तुलांचा अहवाल लिहिला. दोन्ही मंडळाकडे पाठवले.

डेलला आयतं कोलीत मिळालं. मार्चच्या सभेत त्याने पहिला कागद मोठ्याने वाचला आणि विचारलं, जो माणूस स्वतःच लिहून देतो की आपल्याला चाचणी घेता येत नाही, त्याच्या चाचणीवर विश्वास का ठेवायचा? प्रश्न चोख होता. खोलीतले लोक माझ्याकडे बघत होते तसं मी आयुष्यभर दुसऱ्यांकडे बघत आलो होतो. त्यात काय मजा असते ते मला आठवेना.

मंडळाच्या अध्यक्षा आयोना श्लेगल, सत्तरीच्या, गुरांच्या व्यवसायातल्या. त्यांनी डेलला खाली बसायला सांगितलं. मग मार्लिसला विचारलं की तिने काय पाहिलं. मार्लिस उभी राहिली आणि तिने गोळ्यांचे आकडे, भोकांच्या जागा आणि तुटलेल्या रेघा, जसं घडलं तसं सांगितलं. माझ्या बाजूने एक शब्द बोलली नाही, विरुद्धही नाही. आयोनाबाईंनी डेलला एवढंच म्हटलं, "बैलसुद्धा आम्ही चालवून बघितल्याशिवाय घेत नाही." खरेदी पुढे ढकलली गेली.

एप्रिलमध्ये डेलने मला काढलं. किल्ली मी त्याच्या टेबलावर ठेवली. तो फोनवर असल्याचं नाटक करत होता, फोन उलटा धरला होता. मंडळाच्या सांगण्यावरून मार्लिसला नवी चाचणी दिली गेली. ती पास झाली आणि तिला गस्तीची गाडी परत मिळाली. कंपनीने योग्य मापाचे स्क्रू पाठवले, ट्रेंटच्या जागी एक अबोल बाई आली, आणि माझी दोन पानी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत पार पडली. ती पार पाडली मार्लिसने. जूनमध्ये अकरा पिस्तुलं आली. डेलने पुन्हा फोटो काढून घेतला.

मार्लिसने मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. रस्त्यात गाडी समोरून आली तर ती स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलून ओळख दाखवते. तेवढं तर आमच्याकडे सगळे सगळ्यांना करतात.