दिवे निवेपर्यंत

रफूच्या हॉलमधले दिवे गेले की पाव तास कुणाच्या हाताला काम नसे. त्या पाव तासाची वाट बघत वायरमन दिवस काढायचा, असं सांगितलं तर लोक हसतील. हसू देत. आपल्याला काय, जे होतं ते सांगायचं.

कारखाना कापडाचा. विणून, रंगवून झालेलं कापड शेवटी या हॉलमध्ये यायचं. उतरत्या टेबलांवर ते पसरून बायका तुटका धागा शोधायच्या आणि सुईनं असा भरून काढायच्या की विणणाऱ्यालाही पत्ता लागू नये. उन्हानं रंग उडतो म्हणून हॉलला खिडक्या नव्हत्या. काळ्या कापडातला काळा धागा दिसायला उजेड लख्ख हवा, म्हणून उंच छताला मेटल हॅलाइडचे मोठमोठे दिवे टांगलेले. उजेड मोठा आणि नखरेही मोठे. शेजारी रंगखात्यातली मोटर सुरू झाली की विजेचा दाब क्षणभर घसरायचा. घरातला साधा बल्ब अशा वेळी नुसता डोळा मिचकावतो. हे दिवे मात्र सगळे मिळून विझायचे, आणि एकदा विझले की अंगातली धग उतरेपर्यंत पुन्हा पेटायचं नाव नाही. आधी निवायचे, मग पेटायचे, तेही आधी निळसर, मग हिरवट आणि मग कुठे पांढरे. मॅनेजरनं कितीही थयथयाट केला तरी त्यांना घाई म्हणून नव्हती.

दाराजवळच्या छोट्या पिवळ्या बल्बच्या उजेडात बायका सुया खोचून गप्पांना बसायच्या. तेवढ्यात वायरमन बॅटरी घेऊन हजर व्हायचा आणि मान वर करून एकेक दिवा न्याहाळायचा. करण्यासारखं काहीही नसायचं. त्याला ते ठाऊक होतं, बायकांनाही ठाऊक होतं. तिसऱ्या टेबलाशी पोचला की अंधारातून प्रश्न यायचा.

"किती वेळ लागेल?"

"पाव तास."

बस, एवढंच. विचारणारी त्याची मुलगी होती, एकुलती एक. गेली नऊ वर्षं बाप-लेकीत याखेरीज दुसरं बोलणं झालेलं नव्हतं.

भांडण म्हणाल तर झालंच नव्हतं. मुलगी शिकायला परगावी होती. परीक्षा तोंडावर आली आणि इकडे तिच्या आईनं अंथरूण धरलं. वायरमनला खोटं बोलता येत नसे. खोटं बोलायच्या आधी त्याचा हात आपसूक चष्म्याकडे जायचा. चष्मा काढून, पुसून, पुन्हा डोळ्यांवर चढवून मग तो थाप मारायचा. बायको त्यावरून त्याची भरपूर थट्टा करायची, आणि मुलगीही ती खूण आईकडूनच ओळखायला शिकली होती. त्या दिवशी फोनवर तो म्हणाला, "आई बरी आहे. तू पेपर नीट दे." म्हणण्याआधी चष्मा त्यानं पुसलाच होता. पण फोनवरून ते कसं दिसणार? पेपर संपवून मुलगी घरी आली तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि आईची खाट उभी करून ठेवलेली होती. तिनं एकच विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. तो हो म्हणाला. त्यानंतर तिनं काहीच विचारलं नाही.

पुढे तिचं शिक्षण अर्ध्यावरच सुटलं. लग्न झालं, तेही तिनंच जमवलेलं. सासर कारखान्याच्या जवळ, म्हणून ती इथे रफूला लागली. बाप इथेच आहे याची तिला अडचण वाटली की नाही, ते तीच जाणे. नातू झाला. जावयाच्या स्कूटरवर पुढे उभा राहून तो कधीतरी आईला घ्यायला यायचा, आणि वायरमन फाटकाआडून त्याला डोळे भरून बघून घ्यायचा. पोराचा आवाज कसा आहे, हे त्याला अजून माहीत नव्हतं.

अशात मॅनेजरच्या डोक्यात नव्या बॅलास्टचं वारं शिरलं. बॅलास्ट म्हणजे दिव्याची वीज आवरून धरणारी पेटी. वायरमन मंडळी तिला चोक म्हणतात. जुने चोक तांब्या-लोखंडाचे, विटेसारखे जड, दिवसभर गुणगुणणारे. नवे इलेक्ट्रॉनिक. एक नमुना आणून मॅनेजरनं वायरमनच्या हातात ठेवला. म्हणाला, लावून बघ आणि काय ते सांग, तू म्हणशील तसं करू. म्हणजे सगळं त्याच्या जिभेवर आलं. 'इथल्या वायरिंगला झेपणार नाही' एवढं म्हटलं असतं तरी प्रकरण तिथेच मिटलं असतं.

नमुना कुठे लावायचा याचा त्याला फार विचार करावा लागला नाही. मुलगी हल्ली तळव्यांनी डोळे दाबून बसायची. शेजारच्या टेबलावर एक बाई होती, जिला सगळे रेडिओ म्हणत आणि जिच्याजवळ सांगितलेलं गुपित जेवणाच्या सुट्टीच्या आत कँटीनमध्ये पोचत असे. तिच्याकडूनच त्याला कळलं होतं की पोरीचं डोकं संध्याकाळपर्यंत फुटायला येतं. डॉक्टर म्हणतो डोळे ठणठणीत आहेत, उजेड बघा. जुन्या चोकवरचा दिवा सतत फडफडत असतो. ती फडफड इतकी वेगात चालते की डोळ्याला दिसत नाही, पण डोक्याला भोगावी लागते. वायरमननं शिडी लावली आणि नवा चोक तिसऱ्या टेबलावरच्या दिव्याला जोडला.

थोड्याच दिवसांत तिचे हात डोळ्यांकडे जाईनासे झाले. त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून. मग एका दुपारी दाब घसरला. सगळे दिवे गेले, एक तेवढा राहिला. सवयीनं तो बॅटरी घेऊन तिसऱ्या टेबलापर्यंत गेला. मुलीनं मान वर करून दिव्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. तिच्यापुढे उजेड होता. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं मान खाली घातली आणि सुई उचलली. तो आल्या पावली परत गेला आणि आपल्या खोलीत उगाच तारांची वेटोळी सोडवत बसला.

एवढं होऊनही त्यानं मॅनेजरला सगळं खरं सांगितलं. गुणगुण बंद झाली, वजन नावापुरतं, तापत कमी, वीजही कमी खातो. दिवा जास्त दिवस जाईल, उजेडाचा रंग पालटणार नाही, बायकांच्या डोळ्यांचा त्रास वाचेल. दाब घसरला तर काय, असं मॅनेजरनं विचारलं.

"विझत नाही," वायरमन म्हणाला.

म्हणजे काम थांबायलाच नको, असं म्हणून मॅनेजर खूश झाला. वायरमनचा हात चष्म्याकडे गेला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी त्यानं सगळे चोक बदलले, फक्त दाराजवळच्या दिव्याचा सोडून. मॅनेजरनं विचारलं तेव्हा चष्मा पुसत पुसत सांगितलं की एक कमी आलाय. मॅनेजरला त्या चष्म्याची भाषा कुठून कळणार?

दुसऱ्या दिवशी बायका आल्या आणि दारातच थबकल्या. हॉल गप्प होता. इतकी वर्षं डोक्यावर जी गुणगुण चाललेली होती ती गेल्यावरच कळलं की ती केवढी होती. सगळ्यांत पंचाईत रेडिओची झाली. तिची कुजबुज आता दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू जायला लागली, आणि दोघीतिघींशी तिचं तिथल्या तिथे वाजलं.

दुपारी रंगखात्यातली मोटर सुरू झाली. सवयीनं सगळ्यांनी सुया खोचल्या. दिवे जागचे हलले नाहीत. दाराजवळचा एक तेवढा विझला. बायका हसल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. वायरमन आला आणि त्या एका दिव्याखाली उभा राहिला. हॉलभर लख्ख उजेड होता आणि याच्या हातात पेटलेली बॅटरी. आपण किती बावळट दिसत असू, हे त्याला कळत होतं. तरी पाय निघेना. एकदा, फक्त एकदा तिनं विचारावं, एवढंच त्याला हवं होतं.

तिसऱ्या टेबलाशी स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मुलगी उठून सरळ त्याच्यापर्यंत आली.

"हाच का राहिला?"

त्यानं चष्मा काढला आणि शर्टाचं टोक हातात घेतलं.

"चष्मा राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "आधी सांगा."

चष्म्याशिवाय ती त्याला धूसर दिसत होती, म्हणूनच कदाचित त्याला बोलता आलं. "चोक आलाय. माझ्या कपाटात आहे. मीच बसवला नाही."

"का?"

"सगळेच दिवे राहिले असते तर तू मला काय विचारलं असतंस?"

ती वर विझलेल्या दिव्याकडे बघत राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज हलका होता, पण आता त्या हॉलमध्ये हलकं बोललेलंही ऐकू येत होतं.

"तेव्हाही असंच सांगायचं होतं. पेपर काय, पुन्हा देता आला असता."

"हो," तो म्हणाला.

रेडिओनं तोंड उघडलं आणि, तिच्या जन्मात पहिल्यांदाच, तसंच मिटलं.

"किती वेळ लागेल याला?" मुलीनं विचारलं.

"पाव तास."

तिनं दाराजवळचं स्टूल ओढलं आणि त्याच्यासाठी दुसरं पायानं पुढे सरकवलं. तो बसला. बॅटरी विझवायची राहून गेली होती. ती तिनं त्याच्या हातातून घेऊन विझवली. मग नातवाचा समोरचा दात कालच पडलाय आणि तो कुणाला हात लावू देत नाही, इथून तिनं सुरुवात केली.