नाकावरचं वजन

सीत्सेच्या गोठ्यातून गाई गेल्या, त्याला आता बारा वर्षं झाली; तिथे आता लोकांच्या कॅरव्हॅन, गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, हिवाळ्यापुरत्या उभ्या असत. गाईंपेक्षा कॅरव्हॅन बऱ्या, हिवाळाभर गप्प उभ्या राहतात आणि शेण काढावं लागत नाही, असं तो म्हणायचा. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी डाउवे आणि रेन्स्के आपली कॅरव्हॅन न्यायला आक्रुम गावाजवळच्या त्याच्या शेतावर आले, तेव्हा डाउवेच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेला वजनकाटा होता. घरातल्या न्हाणीघरातला, ज्याच्यावर रोज सकाळी आळीपाळीने उभं राहून दोघं नवरा-बायको नाराज व्हायची तोच.

कॅरव्हॅनचं नाक, म्हणजे गाडीच्या हुकावर टेकणारं पुढचं टोक, किती जड झालंय हे डाउवे दर वर्षी मोजत असे. काट्यावर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर नाक, आणि शेजारी गुडघे टेकून डाउवे. त्यांच्या गाडीच्या हुकाला पंचाहत्तर किलो सोसत होते. एकतीस वर्षांत आकडा सत्तरच्या वर गेला नव्हता, आणि हे कॅम्पवर भेटेल त्याला ऐकून घ्यावं लागत असे.

या वर्षी काटा शहाण्णववर थांबला.

कारण उघड होतं. मागच्या शरद ऋतूत दोघांनी जुन्या सायकली देऊन बॅटरीच्या घेतल्या होत्या. काल सायकलवाल्याने इथे येऊन कॅरव्हॅनच्या पुढच्या दांडीवर नवा स्टँड बसवला होता आणि दोन्ही सायकली स्वतःच चढवून, पट्टे आवळून दाखवले होते. कॅरव्हॅनच्या भिंतीलगतच्या आतल्या खाचेत डाउवेची, बाहेरच्या खाचेत रेन्स्केची. बॅटऱ्या काढूनही एकेक तेवीस किलोची.

"बटाट्यांची पेटी मागे सरकव," सीत्से म्हणाला.

"मागे वजन टाकलं की रस्त्यावर शेपूट हलवायला लागते ही. मला नको शिकवूस."

"मग एक सायकल उतरव. त्यात काय एवढं?"

डाउवेने फार विचार केला नाही. त्याने बाहेरचे पट्टे सोडले, रेन्स्केची सायकल मांडीवरून घसरवत खाली आणली आणि गोठ्याच्या भिंतीला टेकवली. हात झटकत म्हणाला, "तू तशी फारशी चालवतच नाहीस. तिथे पुस्तक घेऊन बसतेस."

मागच्या उन्हाळ्यात रेन्स्के चारशे किलोमीटर फिरली होती. कुठे, असं विचारलं असतं तर मात्र तिला सांगता आलं नसतं, कारण चारशेच्या चारशे किलोमीटर तिच्यासमोर डाउवेचं मडगार्ड होतं. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात ती त्याच्या मागून किती गेली, याचा कुणी हिशेब ठेवला नव्हता. आणि आज वजन जास्त झालं तर पहिला हात तिच्या वस्तूवर पडला. तिला फार लागलं ते. आपण या सहलीतलं माणूस आहोत की कमी करता येण्याजोगं सामान, एवढंच तिला कळून घ्यायचं होतं, आणि ते विचारायला तिची जीभ रेटेना.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मी सायकलनेच येते."

"कुठे?"

"विंटरस्वाइकला. कॅम्पवर."

सीत्से हसला. "एकशे सत्तर किलोमीटर आहे, रेन्स्के."

"बॅटरी आहे की. तुम्हा दोघांपेक्षा ती जास्त चालते."

"वेड्यासारखं करू नकोस," डाउवे म्हणाला. "रेल्वेने ये. नाहीतर ही इथेच राहू दे आणि गाडीत बस." मग त्याने आतल्या खाचेतल्या आपल्या सायकलीकडे पाहिलं आणि तो बाहेरचे रिकामे पट्टे बांधू लागला. कॅम्पवरची जागा त्याच दिवसापासून राखलेली होती. अर्ध्या तासाने तो एकटाच गेला.

रेन्स्के त्या दिवशी सायकलनेच घरी परतली आणि राग जरा निवतोय का ते पाहिलं. निवला नाही. शनिवारी सकाळी पाठपिशवीत रेनकोट, चार्जर आणि चीज लावलेले सहा पाव भरून ती निघाली. सायकलरस्त्यांच्या प्रत्येक फाट्यावर हिरव्या आकड्याचा खांब असतो. ते आकडे तिने ओळीने लिहून कागदाची पट्टी हँडलला चिकटवली होती. हे काम आजवर डाउवेचं असायचं.

पहिले वीस किलोमीटर ती मनातल्या मनात भाषण तयार करत होती. तुझ्या लेखी मी बटाट्यांच्या पेटीपेक्षाही हलकी, हे वाक्य तिला फार आवडलं, म्हणून तिने ते शेवटी घ्यायचं ठरवलं. चाळिसाव्या किलोमीटरला वाक्य पाठ झालं. मग मात्र तिचं लक्ष उडालं, कारण समोर मडगार्ड नव्हतं. रस्ता होता. कालव्याच्या काठाने बदकिणीमागून नऊ पिल्लं चालली होती, आणि ती थांबली. पूर्वी थांबायचं तर घंटी वाजवून डाउवेला थांबवावं लागे, आणि तो घड्याळ बघे. आता ती एका पायावर उभी राहून नववं पिल्लू पाण्यात पडेपर्यंत बघत राहिली. पुढे एका फाट्यावर तिचा आकडा चुकला. सहा किलोमीटर भलतीकडे गेली, परत आली, आणि कुणीही तिला काही म्हटलं नाही. या एका गोष्टीचं तिला इतकं नवल वाटलं की ती मोठ्याने हसली.

वाटेत ओमेन गावी फेख्त नदीजवळ एक निवृत्त शिक्षिका सायकलने फिरणाऱ्यांना रात्रीपुरती खोली देत असे. सूप वाढताना तिने विचारलं, "एकट्याच? आणि यजमान?"

"पुढे गेलेत. बटाट्यांबरोबर."

त्यावर शिक्षिकेने तिला अजून थोडं सूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी पाठ धरली, मांड्या भरून आल्या, दुपारी एका पॅनकेकच्या दुकानात बॅटरी भरेपर्यंत ती खुर्चीतच डुलक्या घेत राहिली. संध्याकाळी पाचला कॅम्पच्या फाटकातून आत शिरली, तेव्हा शेजारच्या जागेवरची त्रूस कपडे वाळत घालत होती. ही त्रूस त्यांची वीस वर्षांची उन्हाळी शेजारीण.

"अगं बाई, आलीस खरंच. आम्ही म्हणत होतो डाउवे थापा मारतोय. आणि त्याला हे चालायचं खूळ कधीपासून? दोन्ही दिवस बेकरीपर्यंत पायी. चांगलं असतं म्हणे हृदयाला."

रेन्स्केने पाहिलं. डाउवेची सायकल अजून दांडीवरच होती, आतल्या खाचेत, सगळे पट्टे आवळलेले. कॅरव्हॅनच्या दारापुढचा तंबू उभारला नव्हता. दर वर्षी पोचल्यावर तासाभरात तो उभा असायचा.

डाउवे दारात आला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, पण तो म्हणाला, "उशीर झाला तुला."

"तंबू का नाही लावलास?"

"वारा येणार आहे."

झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. तो कॉफी ओतू लागला, डाव्या हाताने, बशीत सांडत. उजवा हात कोपरात वाकवून पोटाशी धरलेला. रेन्स्के त्या हाताकडे बघत राहिली, मग दांडीवरच्या सायकलीकडे, आणि तिला गोठ्यातली सकाळ नव्याने दिसली. बाहेरची सायकल नुसती घसरवून खाली घेता येते. आतली काढायची तर ती बाहेरच्या खाचेवरून उचलावी लागते. आणि तिची सायकल न्यायची असती तर ती परत वर चढवावी लागली असती. सीत्सेच्या देखत.

"खांदा कधीपासून?" तिने विचारलं.

तो चमचा शोधत राहिला. "फेब्रुवारी."

"आणि मला म्हणालास, मी चालवत नाही."

"तेच सुचलं."

"खांदा लपवायला तुला माझीच सायकल सापडली, डाउवे."

"चुकलं," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून तिने आजवर दोनदा ऐकला होता.

तिचं पाठ केलेलं वाक्य निरुपयोगी झालं होतं. तिचा राग गेला नव्हता, पण त्याच्यातली हवा गेली होती, आणि त्याच्या त्या पोटाशी धरलेल्या हाताची तिला कीव आली. कॉफी संपवून तिने पट्टे सोडले. त्याने डाव्या हाताने पुढचं चाक धरलं, बाकीचं वजन तिने घेतलं, आणि सायकल खाली आली. उद्या सकाळी गावातल्या डॉक्टरांकडे जायचं, हे तिने सांगितलं, विचारलं नाही.

मग दोघं पायरीवर बसली. तो म्हणाला, "परत जाताना तुझी नेऊ. माझी इथे त्रूसकडे ठेवतो. मी सांगायला हवं होतं तेव्हाच."

परवा सकाळी हे ऐकायला मिळालं असतं तर ती गाडीत बसली असती, आणि पुन्हा कधी या गोष्टीचा विचारही केला नसता.

"नको," ती म्हणाली. "तुझीच ने. आपण दोघं मिळून चढवू. मी सायकलने जाईन."

"अजून रागावली आहेस."

"नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती खरंच रागावलेली नव्हती, आणि ते त्याला दिसलं. राग असता तर काय करायचं हे त्याला ठाऊक होतं. दोन दिवस गोड बोलायचं, भांडी घासायची, की सगळं पूर्ववत होई.

"मग का?" त्याने विचारलं.

"मला आवडलं."

"एकटीला?"

"हो," रेन्स्के म्हणाली, आणि त्याला वाईट वाटणार हे माहीत असूनही तो 'हो' गोड करायला तिने त्यात काही मिसळलं नाही.