ट्रॅक्टरला बांधलेलं बाळंतपण

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची. पहिल्या वर्षी मेलेली जनावरं चिरायची, मग रोग आणि औषधं घोकायची, शेवटी शेवटी शस्त्रक्रिया आणि बाळंतपणं. त्यानंतरचं अख्खं वर्ष इंटर्नशिपचं. तेव्हा राबणारे हात आपले आणि सही साहेबांची. ट्रॅक्टरचं मात्र कुठल्याच वर्षी शिकवत नाहीत.

नेवाशाजवळच्या वस्तीवर मी पोचले तेव्हा गोरक्षनाथची म्हैस अडली होती. बाहेर आलेल्या रेडकाच्या दोन पायांना दोर बांधून त्याचं टोक ट्रॅक्टरच्या हुकाला अडकवलं होतं. इंजिन चालू. म्हैस आडवी पडून हंबरत होती. आमचे साहेब, म्हणजे दवाखान्याचे डॉक्टर, लांबच्या गावी लसीकरणाला गेलेले. फोनवर म्हणाले, "सत्यशीला, मी येईपर्यंत हात लावू नकोस."

"ट्रॅक्टर बंद करा," मी गोरक्षनाथला म्हणाले.

"रेडकू मेलंय, म्याडम. म्हस तरी वाचू द्या. व्हा बाजूला!" आणि त्याने गिअर टाकला.

दोर ताणला. म्हैस हातभर फरफटली आणि मागून भळाभळा रक्त आलं. माझं डोकंच फिरलं. भिंतीला खोचलेला कोयता ओढला आणि दोर तोडला. तुटलेलं टोक गोरक्षनाथच्या पाठीवर सपकन बसलं. त्याने खाली उडी मारली आणि माझ्या थोबाडीत दिली. मीही कमी नाही. शेणाची पाटी उचलून त्याच्या तोंडावर हाणली. त्याने पुन्हा हात उगारला, तेवढ्यात त्याची आई, रंगुबाई, मध्ये पडली आणि तिने पोराच्याच कानाखाली काढली.

"बघू दे तिला, मुडद्या!"

मी खांद्यापर्यंत हात आत घातला. रेडकाचं डोकं मागे वळलं होतं. आणखी ओढलं असतं तर त्याची मान मोडली असती आणि म्हशीची पिशवी फाटली असती. चाचपडत त्याच्या तोंडात बोट घातलं. त्याने बोट चोखलं.

"जिवंत आहे!" मी ओरडले. रडूच आलं मला.

प्रत्येक कळेला माझा हात म्हशीच्या कमरेच्या हाडात चिरडला जात होता. रेडकू आत ढकललं, जबडा धरून डोकं सरळ केलं, मग कळ येईल तसं तिघांनी मिळून हातानेच ओढलं. रक्तापाण्यासकट ते धपकन बाहेर पडलं. रंगुबाईने त्याचं नाक पुसलं. ते शिंकलं. म्हैस मान वळवून त्याला चाटायला लागली.

गोरक्षनाथने त्याची तंगडी उचलून पाहिली. "रेडा हाय," म्हणाला, आणि तंगडीला धरूनच त्याला उकिरड्याकडे ओढत निघाला. "ह्याला पाजलं तर डेरीला काय घालू?"

रेड्याला उपाशी ठेवून मरू द्यायचं, ही रीत मी याआधीही गोठ्यांत पाहिली होती. मी रेडकू हिसकावून घेतलं, म्हशीच्या सडाला लावलं आणि गोरक्षनाथच्या वाटेत उभी राहिले. ते लुटुलुटु प्यायला लागलं.

गोरक्षनाथने निवांत बिडी पेटवली. "पाजा की. आज तुमी हाये. उद्या?"

मी रंगुबाईकडे पाहिलं. ती मान खाली घालून सांडलेलं शेण भरत होती.

उद्यापासून इंटर्नशिपची पुढची पाळी होती, कत्तलखान्यात मांसतपासणीची. मी रेडकाला आणखी थोडा वेळ पिऊ दिलं.