मर्टल रस्त्यावरची रेघ

अल्मेंद्रा गावात पीच डबाबंद करायचा कारखाना चालू होता, तेव्हापासूनची त्यांची ओळख. एर्मिला ब्राकामोंते आणि व्हर्लीन गॅडिस सरकत्या पट्ट्यापाशी शेजारी शेजारी उभ्या राहून फळांतल्या बिया काढायच्या. एर्मिलाला दिवस गेले होते त्या उन्हाळ्यात तिला सारखी भोवळ यायची. मुकादमाची पाठ फिरली की व्हर्लीन तिच्या वाटणीची फळं आपल्याकडे ओढून घ्यायची. "तू नुसती उभी राहा गं, हात हलवल्यासारखं कर," म्हणायची. "बाकी माझ्यावर सोड."

पुढे कारखाना बंद पडला. दोघींचे नवरे गेले, मुलं पांगली. मैत्री तेवढी टिकली. रविवारी एर्मिला कोलोनियातल्या चर्चमधून निघाली की पायी व्हर्लीनकडे जायची, आणि दोघी पडवीत बसून गार चहा पीत गावाची उणीदुणी काढायच्या.

उणीदुणी पुष्कळ होती. कोलोनिया ही रुळापलीकडची मेक्सिकन लोकांची वस्ती. तिच्या दक्षिणेला बेथेल. कापूस वेचायला ओक्लाहोमाहून आलेल्या काळ्या लोकांना गावात कुणी घर विकत देईना, म्हणून ते तेव्हाच्या शिवेबाहेर राहिले, आणि चर्चच्या नावावरून वस्तीचं नाव पडलं. बेथेलच्या नळाला पाणी आलं तोवर व्हर्लीन म्हातारपणाकडे झुकली होती. नगर परिषदेकडे गाऱ्हाणं नेलं तर ऐकणार कोण? दर दहा वर्षांनी शिरगणती झाली की परिषदेचे सदस्य स्वतःच प्रभागांच्या हद्दी आखायचे. कुंपणच शेत खाणारं. कोलोनियाच्या त्यांनी टरबुजासारख्या तीन फाका केल्या होत्या आणि बेथेलच्या दोन, म्हणजे कुठेच कुणाचं पारडं जड व्हायला नको. एर्मिला एकदा रस्त्यावरच्या दिव्यांसाठी गेली, तर सदस्य हसून म्हणाला, "बाई, तुमची गल्ली बहुतेक माझ्याकडे येत नाही."

"मतदारांनी माणूस निवडायचा की माणसानं मतदार?" व्हर्लीन भडकली होती.

मग राज्यात कायदा झाला. गावांची इच्छा असेल तर हद्दी आखण्याचं काम साध्या नागरिकांच्या आयोगाकडे सोपवता येईल. दोघींनी तो उन्हाळा सह्या गोळा करण्यात घालवला. व्हर्लीनचे गुडघे दुखायचे, म्हणून ती फाटकाशी उभी राहून आवाज द्यायची आणि एर्मिला पायऱ्या चढायची. कुत्री अंगावर आली, दारं तोंडावर आपटली. एका माणसानं एर्मिलाला आधी इंग्रजी शिकून ये म्हणून सांगितलं, तेव्हा फाटकातून व्हर्लीन ओरडली, "तिला येतं की! तुझ्याशी बोलायचं नाही म्हणून गप्प आहे ती!"

परिषद शेवटी नमली. आयोगावर सात जण बसणार होते. आलेल्या अर्जांतून पात्र नावं निवडली आणि मग सोडत काढली. अर्ज दोघींनी केला होता. एर्मिलाचं नाव निघालं, व्हर्लीनचं राहिलं.

"जा गं मिला," व्हर्लीन तिला मिठी मारत म्हणाली. "तू बसलीस काय, मी बसले काय."

एक गोष्ट मात्र दोघींच्या लक्षात आली नव्हती. आयोगातल्या माणसानं नकाशाविषयी जे काही बोलायचं ते भर सभेत, सगळ्यांसमोर. खाजगीत कुणाशी चकार शब्द काढायचा नाही. हा नियम असावा म्हणून त्या दोघीच तर हटून बसल्या होत्या, कारण बंद दारामागच्या गुजगोष्टींनी त्यांचा जन्म नासला होता. आता तोच नियम पडवीत त्यांच्यामध्ये येऊन बसला. हवामान झालं, नातवंडं झाली, गुडघे झाले. मग व्हर्लीन म्हणायची, "आमच्याकडे काल काय झालं माहितीये..." आणि जीभ चावायची. हळूहळू एर्मिलाच्या फेऱ्या कमी झाल्या. आज सभा आहे, आज थकले, असं ती फोनवर सांगायची. व्हर्लीन म्हणायची, "असू दे गं."

शिरगणतीचे आकडे आले आणि पेच उभा राहिला. प्रत्येक प्रभागात माणसं सारखी हवीत. कोलोनिया अख्खी आणि बेथेल अख्खी एका प्रभागात मावेनात. बेथेल पूर्वेकडे ढकलावी, तर तिथल्या नव्या बंगल्यांचा प्रभाग फुगून जाई. वकिलानं सांगितलं, कायद्यानं दोन वाटा आहेत. कोलोनियाच्या दक्षिणेकडच्या गल्ल्या तोडून दुसरीकडे द्या, किंवा बेथेलच्या मधून, मर्टल रस्त्यावरून, हद्द न्या.

एर्मिलाला त्या दक्षिणेकडच्या गल्ल्या पाठ होत्या. कोलोनियातल्या निम्म्याअधिक माणसांना कागदपत्रांअभावी मतच देता येत नव्हतं. ज्यांना येत होतं ते त्या गल्ल्यांत राहत. त्या गेल्या तर कोलोनिया नकाशावर जवळजवळ अख्खी दिसेल, पण मतपेटीत पोकळ निघेल. आणि मर्टल रस्ता? त्याच्या एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला दफनभूमी आणि व्हर्लीनचं घर.

शेवटच्या सभेला दालन भरलं होतं. तिघे एका नकाशाच्या बाजूचे, तिघे दुसऱ्याच्या, हे आधीच्या चर्चेतून सगळ्यांना कळलं होतं. एर्मिला काही बोलली नव्हती.

लोकांना दोन-दोन मिनिटं मिळत होती. व्हर्लीन काठी टेकत पुढे आली. तिनं चर्चला जायचा निळा झगा घातला होता. माईकचा दांडा वाकवून तिनं सगळ्यांकडे पाहिलं आणि मग एर्मिलाकडे.

"अध्यक्षमहोदय, ब्राकामोंतेबाई, आणि बाकीचे सदस्य," ती म्हणाली. "मी व्हर्लीन गॅडिस. बेथेलची. आमच्यात आता फार माणसं उरली नाहीत, हे तुमचे आकडेच सांगतात. तरणीताठी पोरं निघून गेली. जे उरलोत ते एकत्र आहोत म्हणून आमचा आवाज जरा तरी निघतो. आम्हाला मधोमध चिरलंत, तर दोन्हीकडे आम्ही मूठभर. मूठभरांचा फोन कोण उचलतं, ते तुम्हाला ठाऊक आहे, बाई. तुम्हाला तरी ठाऊक आहे."

'तुम्ही' आणि 'बाई'. इतक्या वर्षांत व्हर्लीननं तिला अशी हाक कधी मारली नव्हती. नियमानं तिला उत्तर देता येत होतं, भर सभेत, सगळ्यांसमोर. पण ती समोरच्या नकाशातला मर्टल रस्ता बघत राहिली. घंटी वाजली आणि व्हर्लीन जागेवर जाऊन बसली.

मतदान झालं. एर्मिलाची पाळी आली तेव्हा तिनं हद्द मर्टल रस्त्यावरून न्यायच्या बाजूनं मत दिलं. का, ते तिनं सांगितलंही. इतकी वर्षं कोलोनियाचा एकही माणूस परिषदेत बसला नाही, या खेपेलाही नाही बसला तर आणखी दहा वर्षं गेली. मागून टाळ्या पडल्या. तिनं मान वर केली तेव्हा निळा झगा दारातून बाहेर पडत होता.

निवडणुकीत कोलोनियाची पहिली सदस्य निवडून आली, दवाखान्यातली एक तरुण परिचारिका. गल्लीगल्लीत बँड वाजला. बायकांनी एर्मिलाला ओढून मध्ये नाचवलं. तिला आनंद झाला नाही असं नव्हतं. वर्षभरात दिवे लागले, रुळाजवळ पादचारी पूल मंजूर झाला.

त्याच वर्षी बेथेलची बस बंद झाली. बेथेलची दुसरी फाक ज्याच्या प्रभागात गेली होती, त्या सदस्यानं परिषदेकडे बोट दाखवलं. कोलोनियाची सदस्य एकटी बोलली, पण एका मतानं काय होणार?

एर्मिला व्हर्लीनकडे गेली, ती त्यानंतर. पडवीत खोकी रचलेली होती. व्हर्लीनची लेक तिला स्टॉकटन शहरात आपल्या घरी न्यायला आली होती.

"बस नाही, तर दवाखान्यात कशी जाऊ?" व्हर्लीन म्हणाली. "ये, बस. खुर्ची एकच राहिलीये, तू घे."

"व्हर्लीन, मला तेव्हा तुझ्याशी बोलायचं होतं गं. पण..."

"नियम होता. आपणच मागितला होता." ती खोक्यावर बसली. "माझं नाव निघालं असतं ना सोडतीत, तर मी तुझ्या गल्ल्या तोडल्या असत्या. डोळ्याची पापणी न हलवता."

"मग रागावलीस कशाला?"

"रागावले नाही. तेच तर अवघड आहे, मिला." ती गुडघे चोळू लागली. "तू चुकली असतीस तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. चुकीला माफी असते. तू तर बरोबर होतीस. आता त्याचं मी काय करू, सांग."

एर्मिला उठली आणि खोकी गाडीपर्यंत नेऊ लागली. काचेची भांडी कुठल्या खोक्यात आहेत, कुठलं खाली ठेवायचं, एवढंच दोघी बोलल्या. निघताना व्हर्लीननं गाडीच्या काचेतून हात हलवला, जसा शेजाऱ्याला हलवतात.

नाताळात फोन व्हायचे, छोटे छोटे. दुसऱ्या हिवाळ्यात लेकीचाच फोन आला.

व्हर्लीनला पुरायला बेथेललाच आणलं. चर्चचा पाळक तिच्या कामांविषयी बोलला. पाण्याची लाइन, सह्यांचा उन्हाळा, आणि मग आयोग. तिथे तो क्षणभर अडखळला आणि पुढच्या स्तोत्रावर गेला. मागच्या बाकावर एर्मिला मान खाली घालून बसली होती. कुणी तिला टाळलं नाही, कुणी जवळही आलं नाही.

जेवणाच्या दालनात तिनं आणलेले, मक्याच्या सालीत गुंडाळून वाफवलेले तमाले टेबलावर तळलेल्या कोंबडीशेजारी ठेवले होते. बेथेलचा सिलास म्हातारा, सभेत मर्टल रस्त्यावरच्या हद्दीविरुद्ध सगळ्यात कडक बोललेला, ताटली घेऊन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं एक तमाल सोलला, खाल्ला.

"पुन्हा कधी आखणार म्हणे हद्दी?" त्यानं विचारलं.

"पुढच्या शिरगणतीनंतर."

"तोवर मी नसेन."

"बहुधा मीही नसेन," एर्मिला म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान डोलवली. बाहेर दफनभूमीत दोन माणसं अजून व्हर्लीनच्या थडग्यावर माती ओढत होती. तो खात राहिला, आणि एर्मिला त्याच्या शेजारी उभी राहिली.